बुजलेली खाच

डोळे फेसानं घट्ट मिटलेले असताना साबणदाणीत हात घातला, साबण उचलला आणि अंगठ्याला काहीतरी कमी लागलं. झालं ते एवढंच. पण कधी कधी जिना उतरताना, आहे असं वाटणारी शेवटची पायरी नसतेच आणि पाय दाणकन जमिनीवर आपटतो, तसं माझ्या अंगठ्याचं झालं. माझ्या साबणाला दोन खाचा असतात. या साबणाला एकच होती, म्हणजे हा बाबांचा. शी, म्हणून तो डाव्या हातात घेतला आणि चाचपडत दुसरा उचलला. त्यालाही एकच खाच. मी तशीच उभी राहिले, डोक्यावरून पाणी वाहतंय, दोन्ही हातांत एकेक साबण, आणि घरात अचानक दोन बाबा झालेले. बाहेरून आई म्हणाली, "टाकी संपवून मगच बाहेर ये हं, आम्ही काय, कोरड्यानंच अंघोळ करू." मी उत्तर दिलं नाही, आणि हल्ली मी उत्तर दिलं नाही की आईला काळजी वाटते. गेल्या वर्षीपर्यंत उलटं होतं. तेव्हा मी वर्गात 'हजर' सुद्धा इतक्या हळू म्हणायचे की वर्षभरात माझ्या अकरा खोट्या गैरहजेऱ्या लागल्या. मग एका दिवशी वर्गात मोठ्यानं वाचायची पाळी आली, आणि माझ्याच तोंडून कुणातरी दुसऱ्याच मुलीचा खणखणीत आवाज निघाला. मला तो आवडला, मी तो ठेवून घेतला. आई म्हणते, "पूर्वी हिच्या तोंडातून शब्द काढायला चिमटा लागायचा, आता बूच लागतं."

खाचांची पद्धत बाबांची. त्यांच्या कामावरून ती घरात आली आणि मुक्कामालाच राहिली. आमचे कंगवे, दात घासायचे ब्रश, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, छत्र्यांच्या मुठी, सगळ्यांना खाचा आहेत: बाबांची एक, माझ्या दोन, आईच्या तीन. (आई बाटलीतला पातळ साबण वापरते. "मला ओळख पटवून द्यायची गरज नाही," असं ती म्हणते.) बाबांच्या कामात वस्तूवर नाव लिहिता येत नाही. शाई टिकत नाही, चिठ्ठी चिकटत नाही, आणि मुख्य म्हणजे वस्तूला हातच लावता येत नाही, म्हणून खाचा. एका जाड भिंतींच्या कोठीत त्या वस्तू असतात आणि बाबा बाहेर उभे. मध्ये शिशाच्या काचेची खिडकी, माझे दोन्ही हात पसरले तर होईल तेवढी जाड. बाबांच्या मुठीत दोन दांडे, आणि आत त्यांच्याच इशाऱ्यावर हलणारे दोन लोखंडी हात. गेली एकोणीस वर्षं बाबा असे काचेपलीकडूनच जगाला उचलतात. घरी चहाचा कप घेतानासुद्धा ते आधी थोडे मागे सरतात, एक डोळा मिटतात, कारण त्या काचेतून वस्तू असते त्यापेक्षा जवळ दिसते, आणि मग कपाचा कान इतक्या हळुवार धरतात की जणू तो कप झोपलाय. ती काच पिवळी आहे. दिवसभर आत दुपार असते, असं ते म्हणतात. संध्याकाळी घरी येतात तेव्हा थोडा वेळ त्यांना सगळं पांढरं निळसर दिसतं. आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, तिचा कोट पांढराशुभ्र. बाबा दारातच म्हणतात, "आज निळा कोट छान दिसतोय." सोळा वर्षं ते हा एकच विनोद करतायत आणि आई सोळा वर्षं म्हणतेय, "डोळे ठीक आहेत तुमचे, बाकीचं तपासायला दुसरीकडे जा."

त्या वस्तू म्हणजे धातूचे तुकडे. करंगळीच्या पेराएवढे, मळकट, दिसायला अगदी कुणीही उचलून फेकून द्यावेत असे. ते युरेनियमचे असतात आणि अणुभट्टीत कामाला राहून आलेले असतात. लहानपणी मला वाटायचं, बाबा निवृत्त तुकड्यांची सेवा करतात. तसं ते फारसं चूक नव्हतं. भट्टीत असताना त्यांच्या पोटातले अणू फुटतात, आणि फुटलेल्यांतले काही वायू होऊन बसतात. आता वायूनं हवेत असावं की नाही? पण हा बिचारा घट्ट धातूच्या आत, एकेकटा, अंग चोरून. थंड आहे तोवर तो तसाच बसून राहतो. धातू तापवला की त्याला जरा सरकता येतं, एकाला दुसरा भेटतो, दोघांना तिसरा, त्यांचा बुडबुडा होतो, आणि बुडबुड्याला जागा हवी म्हणून अख्खा धातू फुगतो. पावासारखा. दगडाहून कठीण धातू, आणि पावासारखा. हे बाबांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि रात्रभर माझ्या हाडांत काय काय बसलं असेल याचा विचार करत राहिले होते. बाबांचं काम हे, की तुकडा ठरावीक आंचेवर तापवायचा आणि किती फुगला ते मोजायचं. उद्या कधी भट्टी नको तेवढी तापली, तर आतल्या धातूला किती जागा लागेल, हे आधीच माहीत असावं म्हणून. मोजायची रीत साधी: हवेत वजन करायचं, मग द्रवात बुडवून वजन करायचं, दोन्हींतल्या फरकावरून आकारमान. वजन तेच राहतं, आकार वाढतो. "म्हणजे तो जाड होतो पण वजन वाढत नाही," मी म्हणाले होते. आई म्हणाली, "अशी आंच मला कुठे मिळेल ते विचार."

आणि गेल्या आठवड्यात शोध लागला. आमच्या घरात, म्हणजे बाबांना. एकाच कांडीतून कापलेले, एकाच मापाचे दोन तुकडे होते. एक खाच असलेला कोठीतल्या कमी आंचेच्या छोट्या भट्टीत, दोन खाचांचा जास्त आंचेच्या. पाळी संपताना बाबांच्या जोडीदारानं दोन्ही बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवले. (हा जोडीदार उंच आणि मानेनं लांब, त्याला सगळे बगळा म्हणतात, तोही स्वतःला बगळाच म्हणतो.) ठेवताना त्यातला एक चिमट्यात धरल्या धरल्या फुटला, त्याचा चुरा झाला. दुसऱ्या दिवशी बाबांनी उरलेला तुकडा काचेपाशी आणून फिरवून पाहिला. एक खाच. म्हणजे कमी आंचेचा टिकला, जास्त आंचेचा फुटला. बरोबरच आहे, कुणीही हेच म्हणेल. मग त्यांनी टिकलेला मोजला, आणि तो एक तृतीयांशानं फुगला होता. इतक्या कमी आंचेवर इतका फुगलेला कुणी पाहिला नव्हता. बाबांनी तो सात वेळा मोजला. मुख्य बाईंनी, म्हणजे त्यांच्या साहेबांनी, आकडे पाहिले आणि म्हणाल्या, "गुरुवारच्या सभेत हे तुम्ही मांडायचं. हात तुमचे, डोळे तुमचे, मग तोंड माझं कशाला?" एकोणीस वर्षं अहवालांवर दुसऱ्यांची नावं आली आणि खाली बारीक अक्षरांत 'तांत्रिक साहाय्य'. या वेळी पहिलं नाव बाबांचं. ते घरी आले, आईचा कोट निळा आहे हे म्हणायलाच विसरले, आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "चिमणे," ते म्हणाले, "तुझा तो आवाज तू कुठून काढलास, ते मला शिकव."

मी शिकवलं. रोज संध्याकाळी अर्धा तास. बाबा कपाटाच्या आरशासमोर, मी पलंगावर मांडी ठोकून. "पोटातून," मी म्हणायचे, "घशातून नाही. आणि मागे सरू नका, समोर काच नाहीये." ते हसायचे, पुन्हा सुरू करायचे. "नमस्कार. हे मोजमाप मी केलं." एवढ्या वाक्यालाच तीन संध्याकाळी गेल्या. 'मी' म्हणताना त्यांचा आवाज खाली पडायचा, जसं कुणी दाराशी चप्पल काढून आत यावं. मी तो उचलून घ्यायला लावायचे. माणूस दिवसभर आगीचं कौतुक दुरून करणारा, आणि एका सर्वनामाला भाजत होता. तिसऱ्या दिवशी 'मी' उभा राहिला. आई दारातून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी दुकानातून बाबांसाठी नवा चष्मा घेऊन आली, बारीक काळ्या काड्यांचा. "वक्त्याला शोभेल," म्हणाली, आणि काड्यांना आतून एक खाच आधीच पाडून आणली होती.

हे सगळं डोक्यात होतं का माझ्या, त्या सकाळी, दोन साबण हातात घेऊन? नव्हतं. तेव्हा फक्त अंगठा होता. डोळे धुऊन पाहिलं तर एक साबण साबणदाणीच्या खळग्यातल्या पाण्यात राहून फुगलेला, मऊ झालेला, आणि त्याच्या दुसऱ्या खाचेच्या जागी नुसती एक फिकट रेघ. झोपलेल्या माणसाच्या पापणीसारखी. मला हसू आलं. मी शाळेत गेले. तिसरा तास भौतिकशास्त्राचा, आणि योगायोग असा की बाई पाण्यात दगड बुडवून आकारमान काढायला लावत होत्या. दोऱ्याला बांधलेला दगड मी पाण्यात सोडला, पाणी वर चढलं, आणि त्या चढत्या रेघेकडे पाहता पाहता मला साबण आठवला. समजा, मी मनाशी म्हणाले, दोनांतला एक साबण विरघळून संपला असता. मग उरलेला एकखाची साबण बाबांचाच, असं मी अगदी गळ्याशपथ सांगितलं असतं. आणि तो माझा असता. दोरा माझ्या हातून सुटला. दगड तळाशी टक् करून बसला. टिकलेला तुकडा जर दोन खाचांचा असेल, खूप आंचेचा, आणि फुगता फुगता त्याची एक खाच त्यानं गिळली असेल? आणि चुरा झाला तो खरा एकखाची? मग शोध कसला, जास्त आंचेवर जास्त फुगला, एवढंच, जे सगळ्यांना माहीत आहे. जी गोष्ट मोजायची, तिनंच आपली खूण पुसली. इतकी सुंदर चूक मी आयुष्यात पाहिली नव्हती. मला बाकावर उभं राहून ओरडावंसं वाटलं. बाई म्हणाल्या, "काय झालं, दगड बुडाला तर एवढा आनंद?" वर्ग हसला. मीही हसले, आणि त्या हसण्याच्या मधोमध, कसं कोण जाणे, मला आरशातले बाबा दिसले. 'हे मोजमाप मी केलं.'

त्यानंतरचे चार तास मी कुणाशी बोलले नाही. माझ्या शेजारणीनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. घरी जाताना मी लांबचा रस्ता घेतला, कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरून, जिथं भिंतभर किल्ल्या टांगलेल्या असतात, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या आणि एकही सारखी नसलेली. मी स्वतःशी वाद घालत होते. वजनावरून कळलं असतं ना? दोन्ही तुकड्यांचं आधीचं वजन लिहिलेलं असणार. मग आठवलं, बाबांनीच सांगितलं होतं, एकाच मापाचे तुकडे इतके सारखे असतात की कोठीतला तराजू थरथरतो त्यातच फरक बुडून जातो. ट्रेमध्ये डावा कुठला नि उजवा कुठला? ते कुणी लिहीत नाही, खाचा असतातच की. बगळ्यानं लिहिलं नसणार, बाबांनीही लिहिलं नसतं. चुऱ्याला खाच कुठली. म्हणजे माझ्याशिवाय हे कुणालाच कळणार नाही. हा विचार आला तेव्हा मी किल्ल्यांसमोर थांबले होते. नाही सांगितलं तर? गुरुवारी बाबा उभे राहतील, पोटातून बोलतील, काळा चष्मा घालतील. माझ्या आत ते वाक्य होतं आणि त्याला जागा लागत होती. गंमत म्हणजे मला त्याचं दुःखही नीट होत नव्हतं, कारण मध्येच माझं कुतूहल कोपरानं ढोसून विचारत होतं, पण खरंच तसं झालंय का? कळायचं कसं? आणि कसं कळेल तेही मला कळलं, किल्लीवाल्याच्या दारातच. चुरा मोजायचा. चुरा फुगलेला असेल तर मी मूर्ख. चुरा जड, घट्ट निघाला तर तो कमी आंचेचा.

बाबा आरशासमोर होते. "नमस्कार. हे मोजमाप मी केलं," ते म्हणाले, इतकं चांगलं की मला पलंगावर बसवेना.

"बाबा, तो चुरा कुठे आहे?"

"कुठला? फुटला तो? कचऱ्याच्या डब्यात. परवा डब्याचं झाकण जोडून टाकतील. का गं?"

"मग उघडता येत नाही?"

"मग कोण उघडणार. तू मध्ये मध्ये बोलू नकोस, मला पुढचं वाक्य..."

"तुम्ही माझा साबण पाहिलात का?"

मी आत जाऊन तो घेऊन आले, बशीत, कारण तो आता हातात धरण्यासारखा राहिला नव्हता. बाबांनी सवयीनं एक पाऊल मागे घेतलं, एक डोळा मिटला. मी बशी पुढे धरली. खरं तर सगळं बोलायचं मी ठरवून आले होते, पायरीपायरीनं, पोटातून. पण बाबांनी नखानं ती फिकट रेघ चाचपली आणि नख तिथंच राहिलं. स्वयंपाकघरातून आई विचारत होती की आता साबणाची सभा आहे का. बाबांनी नवा चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला. बशी उजेडाकडे नेली.

"पाण्यात किती दिवस होता?"

"चारेक."

"आणि पहिली खाच का राहिली?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आम्ही दोघं वाकलो. पहिली खाच वरच्या कोरड्या बाजूला होती, दुसरी पाण्याच्या बाजूला. "तुकडा पण एका अंगावरच पडून असतो," बाबा हळूच म्हणाले, "भट्टीच्या तळाला टेकून. खालचं अंग जास्त तापतं." त्यांच्या आवाजात मला अपेक्षित होतं ते काहीच नव्हतं. त्यांना मजा येत होती. माझ्यासारखीच. मग ती थांबली, ते पलंगाच्या कडेवर बसले, आणि किती तरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले, ते जणू काचेच्या पलीकडे आहेत.

"तू कधीपासून धरून होतीस हे?"

"तिसऱ्या तासापासून."

"खूप झालं," बाबा म्हणाले. "तुझ्यासाठी तर फारच झालं."

जेवायला बसलो. आईनं दोनदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि बाबांनी तिला चार वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, "असेलच असं नाही ना?" बाबा म्हणाले, "नाही, असेलच असं नाही." "मग?" "मग बघायला हवं." आईनं भांडी जरा जोरात उचलली. मला वाटलं ती माझ्यावर रागावली आहे, आणि ती होतीच. "हिला बोलायला शिकवलं कुणी?" ती नळाला म्हणाली. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "चष्मा परत करणार नाहीये मी."

दुसरा दिवस मी शाळेत कसा काढला ते मला सांगता येणार नाही. वहीत सगळीकडे लहान लहान गोल काढले, गोल गोलाला चिकटवले. बाबा आत्ता डबा उघडायला परवानगी मागत असतील. मुख्य बाईंना काय सांगत असतील? आत्ता लोखंडी बोटांनी चुऱ्याचा सगळ्यात मोठा कण शोधत असतील, मसुराएवढा, आणि बगळा मान लांब करून शेजारच्या खिडकीतून बघत असेल. कण तारेच्या पिटुकल्या जाळीत, जाळी द्रवात. एक डोळा मिटलेला. मला हवं काय होतं? मी खरी ठरावी असं मला वाटत होतं, आणि मी खोटी ठरावी असंही, दोन्ही इतकं जोरात की त्या दोघांत माझ्यासाठी जागाच उरली नव्हती. बाईंनी नाव घेतलं तेव्हा मी 'हजर' म्हणाले, जुन्या आवाजात, आणि माझी बारावी गैरहजेरी लागली.

बाबा नेहमीच्याच वेळेला आले. आई त्यांच्या आधी घरी पोचली होती, कोट अजून अंगावर होता. दार उघडल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आज फारच निळा आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "चुरा जड निघाला."

आई खुर्चीवर बसली. मी उभीच. तीन शब्द, आणि त्यांच्यात माझा सगळा शहाणपणा आणि बाबांचं पहिलं नाव, एकाच जाळीत. मला रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही. मी विचारलं, "किती जड?" बाबांनी आकडा सांगितला. जवळजवळ न फुगलेल्या धातूचाच आकडा. "टिकलेल्याचा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीही बघणार आहेत, बुजलेली रेघ दिसेल म्हणे," ते म्हणाले, आणि मग जरा उसासून, "बगळा म्हणाला, एकोणीस वर्षांत अशा किती रेघा बुजल्या असतील कोण जाणे. त्याला रात्री झोप लागणार नाही आता."

"आणि उद्याची सभा?" आईनं विचारलं.

"आहे की."

"कशाला आता?"

"मुख्य बाई म्हणाल्या, तुम्हीच बोला. मीही तेच म्हणणार होतो." त्यांनी खिशातून काळा चष्मा काढला, घातला, कपाटासमोर जाऊन उभे राहिले. मी पलंगावर मांडी ठोकली, कारण तिथं माझी जागा होती. बाबा मागे सरले नाहीत. आरशात त्यांचे डोळे मला शोधत होते.

"नमस्कार," ते म्हणाले. "हे मोजमाप मी केलं. ते चुकलं. कसं चुकलं ते ऐकण्यासारखं आहे."

'मी' कुठेच खाली पडला नाही. मी बोट वर करून म्हणाले, "'ऐकण्यासारखं'च्या आधी थोडं थांबा." ते थांबले. पुन्हा म्हणाले. आई दारात येऊन उभी राहिली होती, तिनं कोटाच्या बाहीनं काहीतरी पुसलं, बहुधा चष्माच असावा, पण ती स्वतः चष्मा लावत नाही.

सकाळी साबणदाणीत दोन नवे कोरे साबण होते. एकालाही खाच नव्हती. त्याऐवजी माझ्या साबणाला आरपार दोन भोकं, बाबांच्याला एक, विणायच्या सुईनं पाडलेली, कडेला साबणाचे बारीक किसलेले कण. आई बाहेरून ओरडत होती की तिची सुई कुणी बुळबुळीत केली. मी साबण डोळ्याशी धरला, दुसरा डोळा मिटला, आणि भोकातून बघितलं. न्हाणीघराची खिडकी दिसली, अगदी लहान, गोल, आणि असावी त्यापेक्षा जवळ. भोक बुजायला किती दिवस लागतील? गोलाला बुजायला रेघेपेक्षा जास्त वेळ लागेल, की बुडबुड्यांना गोलच आवडतो म्हणून कमी? मी केस ओले ठेवून बाहेर आले, कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि परत आत गेले. बाबा सभेचे कपडे घालून दाराशी उभे होते, बुटांची नाडी बांधत. त्यांनी मान वर केली नाही.

"किती?" त्यांनी विचारलं.

"साडेतीन मिलिमीटर," मी म्हणाले. "दोन्ही."

"लिहून ठेव," बाबा म्हणाले. "आणि डावं कुठलं, उजवं कुठलं, तेही."